फुली मारलेली जागा

१

लेस्टर गोल्डिन चित्रं काढायचा आणि त्याची बायको ब्लांश ती काळी करायची. अकरा वर्षं त्यांचा संसार असा चालला होता. महिन्याला वीस पानं. लेस्टर आधी पेन्सिलने, मग टाकाने रेषा काढणार आणि जिथे ठार काळं हवं तिथे निळ्या पेन्सिलने एक बारीक फुली मारून ठेवणार. निळी अशासाठी, की छापखान्याच्या कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नाही. ब्लांशने ब्रश बुडवायचा, फुली शोधायची आणि भोवतालच्या रेघेपर्यंत काळं भरत जायचं. तो कोट आहे, सावली आहे की कुणाचं तोंड आहे, हे बघत बसायचं नाही. बघत बसलं की हात हलतो. डोकं बाजूला ठेवून मुकाट्याने काम करणं ब्लांशला झकास जमायचं आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

त्यांच्या चित्रकथांच्या मासिकाचा नायक स्लॅग. एरवी तो एमेट डोड, पोलादाच्या गावातल्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारा गरीब कारकून. पण राग आला की त्याच्या अंगावर भट्टीतली काळी मळी चढायची, त्याचं डोकं छताला टेकायचं आणि तो तापून दरोडेखोरांच्या मोटारी उचलून फेकायचा. अंगभर काळा, त्यामुळे लेस्टरने नुसती बाहेरची रेघ काढली की झालं. बाकी अख्खा स्लॅग ब्लांशच्या ब्रशातून उतरायचा. "मी फक्त माप घेतो, शिवतेस तू," असं लेस्टर म्हणायचा.

शेवटचं पान ठरलेलं. एखादं लहान पोर न घाबरता पुढे येणार, राक्षसाचा हात धरणार आणि स्लॅग निवणार. मळीला तडे जाणार, आतून एमेट निघणार आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नसणार. संपादक टॅनरचा तो नियमच होता: स्लॅग पोराला कधी हात लावत नाही, पोरच त्याला हात लावतं. पालकांच्या तक्रारी येऊ नयेत म्हणून केलेला नियम, पण वाचणाऱ्या पोरांना तेच पान सगळ्यांत आवडायचं.

जुलैच्या पहिल्या सोमवारी सातव्या पानावर एक फुली जास्तीची निघाली.

चौकटीत एमेटचं रिकामं स्वयंपाकघर होतं. टेबल, खुर्च्या आणि मागे भिंत. ब्लांशने फुली दिसली तिथे काळं भरलं, पुसटशी रेघ होती तिथपर्यंत गेली, ब्रश धुतला आणि पान वाळत ठेवताना तिला दिसलं, की भिंतीला टेकून एक खांदा आणि अर्धं डोकं उभं आहे.

"हा इथे कशाला?" तिने विचारलं.

लेस्टरने पान हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. "ही फुली माझी नाही."

"मग काय, टॅनर येऊन मारून गेला?"

"पांढरं लाव त्याच्यावर," तो शांतपणे म्हणाला.

तिने पांढरं लावलं. तीन हात द्यावे लागले. तेव्हाच तिला आणखी एक गोष्ट दिसली. एमेटच्या टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. गोल्डिनांच्या टेबलाचा तोच पाय आखूड होता आणि त्याखालीही तसाच पुठ्ठा होता. यात काय एवढं, असं तिने मनाशी म्हटलं. चित्रकार समोर दिसेल तेच काढतो.

२

लेस्टर म्हणजे देवमाणूस, असं इमारतीतल्या बायका म्हणायच्या. सव्वापाच फुटांचा, हातापायांनी काडी. कोळी दिसला तरी मारायचा नाही, पेल्यात धरून खिडकीबाहेर सोडायचा. टॅनर फोनवर त्याची सालटी काढायचा: "ही पोटरी आहे का पाव? उद्या परत काढ." लेस्टर म्हणायचा, "बरं, आर्ट," आणि फोन इतका हळू ठेवायचा की कडी लागल्याचाही आवाज होऊ नये. मग कामाच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. पाच-दहा मिनिटांनी बाहेर यायचा तेव्हा त्याचे केस घामाने चिकटलेले असायचे आणि टेबलावर नवी पोटरी तयार असायची.

ब्लांशला याचं कौतुक होतं. तिचा बाप ब्रुकलिनमध्ये खाटीक होता. त्याचा आवाज चार घरांपलीकडे जायचा आणि आवाजामागून ताटल्याही जायच्या. ती आणि तिची बहीण डोरा कपड्यांच्या कपाटात बसून वादळ ओसरायची वाट बघायच्या. त्या कपाटातच तिने ठरवलं होतं, की लग्न करीन तर आवाज नसलेल्या माणसाशी. आणि शोधून शोधून असा माणूस तिने काढला होता.

त्यांची मुलगी रोंडा नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी लागली होती. गुरुवारी ब्लांश आठवड्याची पानं घेऊन मॅनहॅटनला टॅनरच्या ऑफिसात जायची, कारण लेस्टरला टॅनरचं तोंड बघवत नसे. साडेपाचला ती परतायची तोवर बापलेक घरी असायचे. गेल्या गुरुवारी ती आली तेव्हा रोंडाच्या उजव्या तळव्यावर नाण्याएवढा फोड होता.

"इस्त्रीला हात लागला," रोंडा म्हणाली.

"इस्त्री कशाला काढलीस?"

"बाहुलीचा फ्रॉक."

ब्लांशने फोडावर लोणी लावलं आणि पट्टी बांधली. इस्त्री कपाटात वरच्या फळीवर होती, वायर नीट गुंडाळलेली. त्या फळीला हात लावायला ब्लांशलाही स्टूल लागायचं. लेस्टरने परत ठेवली असेल, असं ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली. लेस्टरला तिने विचारलं नाही.

३

पुढची फुली भिंतीवर होती.

स्वयंपाकघरात शेगडी आणि फ्रिज यांच्यामधे जो मोकळा पांढरा पट्टा होता, तिथे, ब्लांशच्या कमरेच्या उंचीवर. निळी आणि बारीक. तिने खोडरबराने पुसली. दुसऱ्या दिवशी तिथेच होती, शेजारी आणखी एक. मग गुडघ्यापाशी दोन. ती पुसायची आणि त्या परत यायच्या. एकदा अंड्याची कोशिंबीर कालवताना तिची नजर वर गेली, तर छताला लागून, फ्रिजच्याही वर, दोन फुल्या होत्या.

"घराची वही करून ठेवलीस," ती लेस्टरला म्हणाली.

"मी भिंतीवर काढीन? मी काय वेडा आहे?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "पुसून टाक ना. तुला कुठे जड आहे?"

वरच्या पुसायला तिला टेबल सरकवून त्यावर स्टूल ठेवावं लागलं. पुसता पुसता ती विचार करत होती. लेस्टर झोपेत चालत असेल का? पण छतापर्यंत पोचायला त्यालाही हीच सर्कस करावी लागणार, आणि तिची झोप इतकी सावध होती की तो कूस बदलला तरी ती जागी व्हायची. आधीच्या भाडेकरूंनी मारलेल्या असतील, उन्हाळ्यात रंग उडून वर आल्या असतील. हे तिला पटलं. पटवून घ्यायचं ठरवलं की माणसाला काहीही पटतं.

बुधवारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस फुक्स भेटल्या. विधवा बाई, कान तिखट आणि जीभ त्याहून.

"ब्लांश, तुझ्याकडे गुरुवारी कोण गं येतं?"

"कुणी नाही. मी गुरुवारी घरीच नसते."

"तेच म्हणते मी. तू नसतेस तेव्हा येतं. मी कुणाला सांगायची नाही, माझं वय गेलं चुगल्या करायचं. पण आहे वजनदार हं. चालतो तेव्हा माझा दिवा हलतो."

"लेस्टर असतो घरात."

"लेस्टर?" मिसेस फुक्स हसल्या. "लेस्टर माझ्या डोक्यावर उभा राहिला तरी मला टोपी घातल्यासारखं वाटेल." मग हसणं थांबवून त्या म्हणाल्या, "आणि पोरगी काहीतरी मोजत असते. लपाछपी खेळतात का?"

"असतील," ब्लांश म्हणाली आणि भाज्यांची पिशवी घेऊन वर गेली.

४

गुरुवारी टॅनरने पानं चाळली, नाकं मुरडली आणि ठेवून घेतली. मग टेबलावरच्या पत्रांच्या ढिगातून एक उचललं. पोरांची पत्रं मासिकाच्या मागच्या पानावर छापायची आणि त्यांना गमतीदार उत्तरं द्यायची, हे काम तो स्वतः आवडीने करायचा.

"हे ऐक. पोरं कसली बिलंदर असतात बघ." त्याने चष्मा लावला. "'स्लॅगला निवायला किती वेळ लागतो? पुस्तकात एका चौकटीत होतं. मी तीनशेपर्यंत मोजलं. मग मला वाटलं मी चुकीचा हात धरते. कोणता हात धरायचा ते कळवा.'" तो खो खो हसला. "नाव नाही, गाव नाही. कळवू कुठे, डोंबल? आणि लिहिलंय कशाने, तर निळ्या पेन्सिलने. फोटोच नाही निघायचा. टाइप करावं लागणार."

"बघू," ब्लांश म्हणाली.

कागद जाड होता, एका बाजूने तिरका कापलेला. चित्राच्या पानाचा समास. पानं पाठवण्याआधी समास कापायचं काम ब्लांशचं होतं, आणि तिची कात्री शेवटाला नेहमी तिरकी जायची.

"उत्तर काय देणार?" तिने विचारलं.

"दिलं पण." टॅनरने कागदावर खरडलेलं वाचून दाखवलं. "'शूर वाचका, हात कोणताही चालेल. धीर धर. काही झालं तरी सोडू नकोस.' कसं आहे?"

"छान आहे," ब्लांश म्हणाली. अकरा वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून ते निघून गेलं. एरवी ती तिथून गालिच्यांची दुकानं बघत, एखादं आइस्क्रीम खात रमतगमत जायची. त्या दिवशी ती थेट स्टेशनवर गेली. गाडीत तिने स्वतःला शंभर गोष्टी समजावल्या. पोरांच्या डोक्यात मासिकं भरलेली असतात. समास कचऱ्यात टाकते, कुणीही उचलू शकतं. अडीच वाजता ती आपल्या जिन्याखाली उभी होती.

५

मिसेस फुक्स आपल्या दारात उभ्या होत्या.  त्यांनी नुसतं बोट वर केलं.

ब्लांशने किल्ली हळू फिरवली. घरात उकाडा होताच, जुलै होता. पण हा उकाडा वेगळा होता. तो एका बाजूने, कामाच्या खोलीकडून येत होता आणि त्याला तापलेल्या तव्याचा वास होता. खोलीचं दार बंद. आतून रोंडाचा आवाज येत होता, शाळेत पाढे म्हणतात तसा, घाई न करता.

"दोनशे चौदा. दोनशे पंधरा. दोनशे सोळा."

मधूनच लाकूड करकरलं. आत लेस्टरचं एकच स्टूल होतं. एकशेतीस पौंडांच्या माणसाखाली ते कधी करकरलेलं ब्लांशने ऐकलं नव्हतं.

इथे दार उघडायला हवं होतं. ब्लांशने दारावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. किती वेळ, ते सांगता येतं: दोनशे सोळापासून दोनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत. कपाटात बसून वाट बघायला शिकलेल्या माणसाला दार उघडणं अवघड जातं, हे खरं आहे, पण तिच्यासाठीसुद्धा हे फार झालं. पुढे तिने याबद्दल स्वतःला कधी क्षमा केली नाही आणि करूही नये.

तिने दार उघडलं. लेस्टर स्टुलावर बसला होता, लहानसा, घामाने निथळलेला, डोळे मिटलेले. सदरा समोरून उघडा पडला होता. रोंडा त्याच्यापुढे उभी होती आणि तिने पट्टीच्या हाताने त्याचा पंजा धरला होता.

"काय चाललंय?"

"खेळतोय," रोंडा म्हणाली. तिने बापाचा हात जपून त्याच्या मांडीवर ठेवला. मग ती गुडघ्यांवर बसली आणि जमिनीवर विखुरलेली बटणं वेचायला लागली. सदऱ्याची सगळी बटणं. एक टेबलाखाली गेलं होतं, तेही तिने न शोधता नेमकं काढलं. सगळी मुठीत घेऊन ती गेली आणि शिवणाच्या डब्यात टाकून आली.

ब्लांश दर शुक्रवारी लेस्टरच्या सदऱ्यांना बटणं लावायची आणि लाँड्रीवाल्याला शिव्या घालायची.

६

लेस्टर तिथेच सतरंजीवर आडवा होऊन झोपला, तान्ह्या मुलासारखा, तोंड उघडं टाकून. ब्लांशने रोंडाला स्वयंपाकघरात नेलं आणि खुर्चीवर बसवलं. पट्टीला हात लावायला ती धजली नाही.

"भिंतीवरच्या फुल्या तू मारल्यास?"

"हो."

"आणि सातव्या पानावरची?"

"ती पण. पण पा ने पांढरं लावायला सांगितलं." रोंडा टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती. "मला वाटलं, फुली असली की तू काळं करतेस. विचारत नाहीस. मग तुला दिसेल."

"मला सांगायचं होतंस, राणी."

"सांगितलं होतं. पासओव्हरच्या सणाला. तू म्हणालीस, पा दमलाय."

ब्लांशला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. भांडी घासत असताना, पाठ करून, ती म्हणाली होती.

ती उठली. कामाच्या खोलीतून शाईची बाटली आणि दोन बोटं रुंद ब्रश घेऊन आली. भिंतीवर फुल्या पुन्हा उमटल्या होत्या, खाली, मधे आणि छताशी. तिने खालून सुरुवात केली. या वेळी ती बघत होती. फुलीपासून फुलीपर्यंत काळं चढत गेलं: पाय म्हणावेत असे दोन खांब, मग पोट, मग शेगडीच्या बाजूने खाली आलेला लांब हात. तो हात जिथे संपत होता तिथे, बरोबर रोंडाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, पंजाची जागा होती. वरच्या फुल्यांसाठी ब्लांश टेबलावर चढली. खांदे भरले. डोकं भरलं. ते छताला लागून वाकलं होतं, खोलीत कोण आहे ते बघायला वाकावं तसं.

"तू इथवर पोचलीस कशी?" तिने वरून विचारलं. "स्टूल ठेवलंस टेबलावर? पडली असतीस तर?"

"खालच्या माझ्या," रोंडा म्हणाली.

"आणि या?"

"त्याने पेन्सिल मागितली."

"पा ने?"

रोंडाने मान हलवली. नाही म्हणून.

"त्याला बोलता येत नाही," ती म्हणाली. "हात पुढे केला. मी दिली. त्यालाही तू भरायला हवी होतीस."

ब्लांश टेबलावरून उतरली. आपल्या हाताने केलेला काळा आकार बघत ती शहाण्या माणसासारखा विचार करायचा प्रयत्न करत होती. नऊ वर्षांची पोर आहे. कल्पना लढवते. बाप चित्रकार आहे. हे सगळं तिने मनात मांडलं आणि त्यातलं एकही उभं राहिलं नाही.

७

लेस्टर दारात आला. सुरकुतलेला, बटणं नसलेला, पायात एकच मोजा. भिंतीकडे बघून तो तिथेच खाली बसला.

"तू भरलंस त्याला," तो म्हणाला.

"केव्हापासून चाललंय?"

"आधी कागदावर निघून जायचं. देवाशप्पथ, ब्लांश. टॅनरचा फोन आला की मी आत जायचो, चार पानं ओढायचो, संपायचं. हल्ली कागद पुरत नाही." त्याने चेहरा हातांनी झाकला. "पण मी तिला कधी हात लावलेला नाही. एकदाही नाही. तीच लावते."

टॅनरच्या ऑफिसात हे वाक्य ऐकून ब्लांशने शेकडो वेळा मान डोलावली होती.

"तिचा तळवा बघितलास?"

"मला काही आठवत नाही गं. जागा होतो तेव्हा ती समोर असते. एमेटचं होतं ना, तसंच. मधलं काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग विसाव्या पानावरच्या पोरीच्या हाताला पट्टी कशी आली?"



"आज सकाळी ते पान मी भरलंय," ब्लांश म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येत नव्हता. "तेव्हा बघितलं नाही, आत्ता डोळ्यांसमोर आलं. उजव्या हाताला पट्टी आणि अंगठ्याच्या बाजूला गाठ. अशी गाठ मी बांधते. तुला आठवत नाही ना? मग त्या पोरीचे दात आवळलेले कसे काढलेस? तिचे ओठ मोजताना काढलेस, लेस्टर. छान काढलेस."

 मग लेस्टर खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "लोकांना ते पान आवडतं."

ब्लांशने बापाच्या घरी ऐकलेले सगळे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले. ती त्याला हलकट म्हणाली, भेकड म्हणाली, पोरीच्या जिवावर महिन्याची वीस पानं पुरी करणारा म्हणाली. ती ओरडत होती आणि खालच्या मजल्यावर मिसेस फुक्सने रेडिओ बंद केला. लेस्टर ऐकून घेत होता. त्याचे कान लाल झाले. मग मान लाल झाली. मग ती लाल राहिली नाही.

शेगडी बंद होती. तरी खोलीत तापलेल्या तव्याचा वास आला.

रोंडा खुर्चीवरून उतरली. कुणी काही सांगितलं नव्हतं. जेवायला हाक मारल्यावर हात धुवायला जावं, इतक्या सहज ती बापाकडे निघाली, हात पुढे करून.

ब्लांशने तो हात झडप घालून धरला आणि पोरीला ओढत दाराकडे नेलं. पर्स राहिली, रोंडाच्या चपला राहिल्या. मागे जमीन करकरली आणि खाली मिसेस फुक्सकडे काहीतरी काचेचं फुटलं. मागे बघायचं नाही असं ब्लांशने ठरवलं होतं. पण दार ओढून घेताना, फट बोटभर उरली असताना, तिला स्वयंपाकघराच्या छताचा कोपरा दिसला. भिंतीपासून लांबचा, खिडकीकडचा. तिथे तिने ब्रश लावला नव्हता. तो काळा होता आणि सरकत होता.

८

बाहेर लख्ख ऊन होतं. पुलावरून गाडी धडधडत जात होती, पुलाखाली फळवाला टरबुजावर पाणी मारत होता, दोन बायका बाबागाडी थांबवून गप्पा मारत होत्या. रोंडा अनवाणी होती. ब्लांश चालत सुटली. डोरा ब्राँक्समध्ये राहत होती. डोराकडे जायचं, पुढचं पुढे. पर्स नव्हती, तर स्टेशनच्या फाटकावरच्या माणसाला काय सांगायचं तेही तिने ठरवलं नव्हतं. पण अनवाणी पोरगी आणि तिच्या आईचं तोंड बघून त्याने नुसतं बाजूचं दार उघडलं.

फलाटावर गर्दी नव्हती. ब्लांश उभी राहिली आणि तिचं बोलणं थांबेना. ती लेस्टरला बोलत होती, टॅनरला बोलत होती, त्या फुक्सबाईला, जिने ऐकलं आणि विनोद केले, आणि स्वतःला. दात-ओठ खाऊन, पुटपुटत. तिच्या अंगात इतका राग मावतो हे तिला छत्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यात बरंही वाटत होतं. आपण मोठ्या झालो आहोत, असं तिला वाटत होतं. त्या क्षणी लेस्टर समोर आला असता तर तिने त्याला रुळांवर ढकललं असतं.

गाडीचा आवाज दुरून यायला लागला तेव्हा तिला जाणवलं, की तिच्या मुठीत काहीतरी ओलं आहे. तिने खाली बघितलं. दारापासून इथवर तिने रोंडाचा उजवा हात धरून ठेवला होता. पट्टीचा. पट्टी सरकून मनगटावर गेली होती आणि फोड फुटला होता. ब्लांशच्या बोटांचे वळ पोरीच्या हातावर पांढरे उमटले होते.

"अगं, दुखतंय ना? मग बोलली का नाहीस?"

 रोंडाचे दात आवळलेले होते आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती, नीट, कसोशीने, दूध उतू जातंय का ते बघावं तसं. तिचे ओठ हलत होते.

"रोंडा?"

"एकशे नव्वद," रोंडा हळूच म्हणाली. "थांब, मा. तुझा हात पण तापलाय."

ब्लांशने बोटं उघडली. पोरीने सोडला नाही.